कॅरेरा जीटीमध्ये रेसिंगचं नेमकं काय उतरलं?

पुशरॉडवाला

नमस्कार मंडळी. मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि कॉलेजच्या रेसकार टीममध्ये सस्पेंशन बघतो. यंदा सेमिनारला पोर्शे कॅरेरा जीटी घेतली आहे. विषय मंजूर करताना सरांनी एक अट घातली. "रेसिंग तंत्रज्ञानाने बनलेली गाडी" हे वाक्य स्लाइडवर टाकायचं असेल, तर कुठली वस्तू रेसमधून आली आणि ती रस्त्यावर आणताना काय करावं लागलं, हे एकेक करून सांगता आलं पाहिजे. ते जमणार नसेल तर वाक्य काढून टाक म्हणाले.

आतापर्यंत जमवलेलं असं आहे. गाडी २००३ ते २००६ या काळात लाइपझिगच्या कारखान्यात बनली, एकूण १,२७०. चालकाच्या पाठीमागे ५.७ लिटरचं व्ही१० (दहा सिलिंडरचं) इंजिन, ८,००० आरपीएमला ६१२ अश्वशक्ती. वजन १,३८० किलो, कमाल वेग ताशी ३३० किमी. सहा गिअर, हाताने टाकायचे. ब्रेक डिस्क सिरॅमिकच्या, चाकं मॅग्नेशियमची, टब, म्हणजे माणसं बसतात तो मधला सांगाडा, कार्बन फायबरचा. आणि पुढे-मागे पुशरॉड, म्हणजे चाकाची हालचाल आतल्या स्प्रिंगपर्यंत नेणारे दांडे. ही गाडी मी निवडली ती त्या पुशरॉडसाठीच. आमच्या गाडीलाही तेच आहेत. पुशरॉडचा धक्का स्प्रिंगकडे वळवणारा तुकडा म्हणजे रॉकर; तो ज्यावर फिरतो त्या पिव्होटची जागा ठरवण्यात माझे दोन महिने गेले, त्यामुळे कॅरेरा जीटीच्या पुढच्या भागाचा उघडा फोटो पाहिला तेव्हा मी बराच वेळ तो मोठा करून बघत बसलो होतो. स्प्रिंग आणि डॅम्पर (शॉक ॲब्सॉर्बर) आत, टबला लागून. पुशरॉड तिरपा वर येतो, रॉकर फिरतो. सगळं ओळखीचं.

अडलंय तीन ठिकाणी. पहिलं, इंजिन. कोणी म्हणतं ते फॉर्म्युला वनचं आहे, कोणी म्हणतं ल मॉंचं, म्हणजे फ्रान्समधल्या २४ तासांच्या शर्यतीचं. खरं काय? दुसरं, तिच्या क्लचबद्दल सगळे इतके घाबरून का बोलतात? छोटा आहे एवढंच सगळीकडे लिहिलेलं असतं. तिसरं, ही गाडी धोकादायक आहे असं जो तो म्हणतो, पण का, ते कोणी समजावून सांगत नाही. सेमिनारमध्ये मला ऐकीव गोष्टी सांगायच्या नाहीत. कोणी प्रत्यक्ष हाताळली असेल तर कृपया लिहा.

सरळ_रस्ता

मित्रा, मनापासून सांगतो, "रेसिंग तंत्रज्ञान" या शब्दांवर माझा विश्वास नाही. कॅरेरा जीटीला शंभरचा वेग गाठायला ३.९ सेकंद लागतात. आज चार दारांच्या, पाच माणसांच्या इलेक्ट्रिक गाड्या त्याहून लवकर शंभरला पोचतात आणि त्यांना कसला क्लचही नसतो. गाड्या कमी बनवायच्या, वर रेसच्या नावाचा शिक्का मारायचा आणि किंमत चढवायची, ही जुनी पद्धत आहे. सेमिनार पुशरॉडच्या गणितावर दे, त्यात तुझी मेहनत आहे. गाडीचं नाव उदाहरणापुरतं ठेव.

क्लचप्लेट

पुशरॉडवाला, तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग. अट अगदी बरोबर घातली आहे.

मी जर्मनीत एका लहान वर्कशॉपमध्ये काम करते, यंदा अकरावं वर्ष. मोजक्या संख्येने बनलेल्या जुन्या गाड्या आमच्याकडे येतात. कॅरेरा जीटीही येते, वर्षातून दोन-तीनदा. त्यामुळे जे हाताखालून गेलंय तेवढंच लिहिते. लांबेल जरा.

आधी इंजिन. दोन्ही उत्तरं अर्धी खरी आहेत. १९९१ मध्ये पोर्शेने फुटवर्क संघाला फॉर्म्युला वनसाठी ३.५ लिटरचं व्ही१२ इंजिन दिलं होतं. ते जड होतं, गाडी मागे पडायची, आणि हंगाम अर्ध्यावर असतानाच संघाने ते सोडून कॉसवर्थचं इंजिन घेतलं. त्यानंतर पोर्शेने फॉर्म्युला वनसाठीच एक व्ही१० आखलं, पण ते शर्यतीत उतरलंच नाही. पुढे ल मॉंसाठी नवीन उघड्या प्रोटोटाइपचं, म्हणजे फक्त शर्यतीसाठी घडवलेल्या बिनछताच्या गाडीचं, काम सुरू झालं तेव्हा हेच व्ही१० बाहेर काढून ५.५ लिटरपर्यंत वाढवलं. १९९८ ची ल मॉं पोर्शेने ९११ जीटी१ घेऊन जिंकली होती आणि ही गाडी तिच्या जागी उतरायची होती. नोव्हेंबर १९९९ मध्ये वाइसाखच्या चाचणी ट्रॅकवर बॉब वोलेक आणि ॲलन मॅकनिश यांनी ती चालवून पाहिली. दोन दिवस. मग प्रकल्प बंद. कंपनीला माणसं आणि पैसा तेव्हा रस्त्यावरच्या नव्या गाड्यांसाठी, म्हणजे मुख्यतः कायेन या एसयूव्हीसाठी हवा होता.

म्हणजे बघ, दोन वेगवेगळ्या शर्यतींसाठी घडवलेलं इंजिन, आणि एकाही शर्यतीचा झेंडा त्याने पाहिला नाही. सप्टेंबर २००० मध्ये रॅलीपटू वॉल्टर रोर्लने पॅरिसमध्ये पहाटेच्या वेळी कॅरेरा जीटीचा नमुना लूव्रपर्यंत चालवत नेला तेव्हा त्याच्या पाठीमागे तेच ५.५ लिटरचं व्ही१० होतं. विक्रीच्या गाडीत ते ५.७ लिटरचं झालं. मला या गाडीबद्दल जी माया आहे ती बरीचशी यामुळे. हे इंजिन फेकून द्यायचं नाही, असं कोणाला तरी आतून वाटलं असणार.

आता क्लच. सेमिनारमध्ये सर्वांत जास्त वेळ याला दे, कारण रेस रस्त्यावर आली की काय होतं ते इथे पायाला कळतं.

क्लचचा व्यास आहे १६९ मिलिमीटर. चहाच्या बशीपेक्षा जेमतेम मोठा. पहिल्यांदा तो बाकावर काढून ठेवला तेव्हा मी साध्या प्रवासी गाडीचा क्लच शेजारी ठेवून पाहिला होता. त्या साध्या क्लचच्या आत हा आरामात मावत होता, आणि साधी गाडी ६१२ च्या एक षष्ठांश ताकदीची. लहान का केला? इंजिन जमिनीपासून किती उंच बसेल हे क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, उंचीवर ठरतं, आणि क्रँकशाफ्ट किती खाली नेता येईल हे त्याच्या टोकाला लावलेल्या गोल वस्तूच्या व्यासावर. फ्लायव्हील आणि क्लच लहान केले की सगळं इंजिनच खाली सरकतं. तेलाचंही तसंच. खाली खोलगट चेंबर नाही, ड्राय संप आहे. तेल वेगळ्या टाकीत राहतं, पंप ते खालून ओढून घेतात. लांब वळणात तेल एका बाजूला जाऊन बेअरिंग कोरडी पडत नाहीत, आणि चेंबरची उंची वाचल्याने इंजिन आणखी खाली बसतं.

पण लहान क्लचला उष्णता साठवायला जागा नसते. साधी प्लेट असती तर चढावर दोनदा निघताना जळून गेली असती. म्हणून घर्षणाच्या प्लेटा कार्बन आणि सिलिकॉन कार्बाइडच्या सिरॅमिकच्या केल्या, ब्रेक डिस्कच्याच जातीच्या. रेसच्या गाडीला दिवसातून चार-पाच वेळा उभ्यापासून निघायचं असतं. रस्त्यावरच्या गाडीला सिग्नलगणिक. हा फरक त्या बशीएवढ्या वस्तूने झेलायचा आहे.

निघायचं कसं ते सांगते, कारण मला कोणी नीट सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी अंगणातून आत घेताना माझ्याकडून ती तीनदा बंद पडली. मी सवयीने थोडी रेस देत होते, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबत होते. फिरणारं वजन इतकं कमी आहे की पाय जरासा लागला तरी सुई वर उडते आणि उचलला की दगडासारखी खाली पडते. त्या उड्या आणि क्लचचं पकडणं यांचा मेळ बसत नाही. मग आमच्या वरिष्ठ फिटरने शेजारी बसून सांगितलं, उजवा पाय फरशीवर ठेव. रेस अजिबात द्यायची नाही. क्लच हळूहळू, एकाच गतीने सोडायचा. इंजिनचा कंप्युटर आयडलिंग (पाय न लावता इंजिनचं मंद फिरणं) सांभाळतो, मरू देत नाही. गाडी स्वतःहून पुढे सरकते, तुमचा पाय क्लचवरून पूर्ण निघतो, आणि त्यानंतरच ॲक्सिलरेटर. हे तिथे शांत उभं राहून पाहिलं तर फार सुंदर दिसतं. ६१२ अश्वशक्तीची गाडी, आणि निघते ती कोणी हाताने ढकलल्यासारखी.

ज्यांना हे ठाऊक नसतं ते रेस वाढवून क्लच घासत निघतात. एक गाडी आमच्याकडे आली होती, किलोमीटर अगदी थोडे, आणि क्लच संपलेला. मालक सांगत होते, मी तर जपून, हळूहळू सोडतो. हळूहळू सोडत होते हे खरंच, पण वर रेसही देत होते. तेव्हापासून प्रत्येक कॅरेरा जीटीचा क्लच किती उरलाय ते मी मोजून वहीत लिहून ठेवते आणि गाडी परत देताना चालकाला अंगणात दोनदा निघायला लावते.

टबबद्दल थोडक्यात, तुला माहीत असेलच. कार्बनचे भाग इटलीतल्या एटीआर या कंपनीने बनवले. पण तुझ्या कामाची गोष्ट मागच्या बाजूला आहे. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचं सस्पेंशन ज्या चौकटीवर बसतं तीसुद्धा कार्बनचीच आहे. पुढचा डॅम्पर थेट टबवर, मागचा या चौकटीवर. तुझ्या रॉकरचं गणित तेव्हाच खरं ठरतं जेव्हा पिव्होट ज्यात बसवलाय तो भाग वाकत नाही. वाकला तर तो भागच एक स्प्रिंग होतो, आणि त्या स्प्रिंगचा आकडा तुझ्या शीटमध्ये नसतो. गिअरबॉक्स आडवा बसवला आहे, त्यामुळे मागे लोंबणारं वजन कमी.

चाकांच्या मधोमध एकच नट असतो, रेससारखा. डावीकडचे लाल, उजवीकडचे निळे. अदलाबदल होऊ नये म्हणून रंग दिलेत. गिअरची मूठ लाकडाची आहे, ९१७ या रेसकारची आठवण म्हणून. तिला बाल्सा लाकडाची मूठ होती.

धोकादायक का म्हणतात? तिला एबीएस आहे (जोरात ब्रेक लावला तरी चाकं जाम होत नाहीत) आणि ट्रॅक्शन कंट्रोल आहे (वेग देताना चाकं जागच्या जागी फिरत नाहीत). गाडी आडवी जाऊ लागल्यावर एकेका चाकाला ब्रेक लावून सरळ करणारी यंत्रणा नाही. शिवाय इंजिन मध्ये आणि खाली असल्यामुळे गाडी चटकन वळते. चटकन वळणारी गाडी चटकन फिरतेही. मागचं टोक सुटलं तर सावरायला हाताशी वेळ फार थोडा असतो.

यात टायर आले की मामला गंभीर होतो, आणि हे तू सेमिनारमध्ये सांगच. या गाड्या उभ्या राहतात. पाच-सात वर्षांत दोन हजार किमी. टायरची नक्षी नव्यासारखी आणि रबर कडक. टायरच्या बाजूवर निर्मितीचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. गाडी आत आली की मी इंजिनचं झाकण उघडण्याआधी गुडघ्यावर बसून हे आकडे वाचते. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात अभिनेता पॉल वॉकर आणि गाडी चालवणारा त्याचा मित्र याच मॉडेलच्या अपघातात गेले. पोलिस तपासात ताशी ७२ किमीची मर्यादा असलेल्या रस्त्यावर गाडीचा वेग ताशी १३० ते १५० किमी निघाला, आणि टायर नऊ वर्षांचे होते.

आणि टायरने उलट बाजूला काय होतं तेही सांग. रोर्लने जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगच्या उत्तरेकडच्या ट्रॅकवर या गाडीने ७ मिनिटं २८.७१ सेकंदांची फेरी मारली होती. वीस वर्षांनी मिशलॅंने या गाडीसाठी नवे टायर बनवले तेव्हा यॉर्ग बेर्गमाइस्टरने ७ मिनिटं १२.६९ सेकंद घेतले. इंजिन तेच, पुशरॉड तेच. सोळा सेकंद! एवढी क्षमता त्या टबमध्ये आणि सस्पेंशनमध्ये पहिल्यापासून होती, रबर तिथवर पोचलं नव्हतं.

@सरळ_रस्ता, शंभरचा आकडा तुमचा बरोबर आहे आणि त्यावर वाद घालणार नाही. पण ३.९ सेकंद हे त्या गाडीचं सर्वांत कमी महत्त्वाचं माप आहे. शिक्का मारलेल्या गाड्या मीही पाहिल्या आहेत, कार्बनचा कागद चिकटवलेल्या. कॅरेरा जीटी खालून उघडा, मग बोलू.

सरळ_रस्ता

तुमचं लिहिणं वाचून मी माझं वाक्य अर्धं मागे घेतो. क्लच आणि क्रँकशाफ्टच्या उंचीचा संबंध मला खरंच माहीत नव्हता. पण किमतीबद्दलचं मत कायम आहे. ज्याला फक्त भिंतीआड ठेवायची आहे त्याच्याकडे अशी गाडी जाते, हे मला खुपतं.

क्लचप्लेट

ते मलाही खुपतं. उभी राहून खराब झालेल्या गाड्या मी चालवून खराब झालेल्यांपेक्षा जास्त पाहिल्यात.

बारा_सिलिंडर

वरचं सगळं मन लावून वाचलं. मी हौशी माणूस, गेली पंचवीस वर्षं या गाड्यांबद्दल मिळेल ते वाचतो. पुशरॉडवाला, तुलना करायची असेल तर तीन गाड्या घे, कारण रेसपासून रस्त्यापर्यंतचं अंतर तिघींनी तीन तऱ्हांनी कापलंय.

फेरारी एफ५० (१९९५ ते १९९७, एकूण ३४९). तिचं ४.७ लिटरचं व्ही१२ फॉर्म्युला वनच्या ३.५ लिटरच्या इंजिनातून आलं. तिथे इंजिनच चौकटीचा भाग आहे. टबच्या पाठीला थेट बोल्टने जोडलेलं, मागचं सस्पेंशन त्याच्या पलीकडे गिअरबॉक्सवर. मध्ये रबर नाही. त्यामुळे इंजिनची थरथर सरळ पाठीत येते. क्लचप्लेट ताईंनी सांगितलेली कॅरेरा जीटीची वेगळी कार्बनची चौकट याच्या शेजारी ठेवून दाखव, दोन्हीकडचा विचार वर्गाला लगेच कळेल.

मर्सिडीज-एएमजी वन. २०१७ मध्ये फ्रँकफर्टला दाखवली आणि पहिल्या गिऱ्हाइकाला मिळाली जानेवारी २०२३ मध्ये. मधली वर्षं कशात गेली? फॉर्म्युला वनचं १.६ लिटरचं व्ही६ टर्बो ५,००० आरपीएमच्या आसपास आयडल होतं. रस्त्यावर ते सुमारे १,२०० वर आणायचं, तेही धुराच्या नियमांत बसवून. वर ११,००० पर्यंत फिरलंही पाहिजे. व्हॉल्व्ह मिटवायला स्प्रिंगऐवजी दाबाखालची हवा. २७५ गाड्या, आणि ५०,००० किमी झाले की इंजिन उघडून नव्याने बांधायचं. तुझ्या सरांच्या "रस्त्यावर आणताना काय करावं लागलं" याला एवढं थेट उत्तर दुसरीकडे मिळणार नाही.

आणि मॅकलरेन एफ१, माझी सर्वांत लाडकी. ती उलटी गेली. गॉर्डन मरीने ती १९९२ मध्ये रस्त्यासाठीच आणली, चालक मधोमध, इंजिनच्या खोलीत उष्णता परतवायला सोन्याचा पत्रा. रेसच्या गाड्या धरून एकूण १०६. नंतर गिऱ्हाइकांनी रेसची आवृत्ती मागितली आणि १९९५ ची ल मॉं तिने पहिल्याच प्रयत्नात जिंकली. लेह्तो, डालमास आणि सेकिया चालवत होते. बाकीच्या एफ१ तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या आणि तेराव्या आल्या. सगळ्यांत मजेची गोष्ट ही की नियमांप्रमाणे हवा कमी घ्यावी लागल्यामुळे रेसच्या एफ१ ची ताकद रस्त्यावरच्या एफ१ पेक्षा कमी होती!

पुशरॉडवाला

ताई, काय लिहिलंय तुम्ही! दोनदा वाचलं, मग टीमच्या ग्रुपवर टाकलं. रेस न देता निघण्याची गोष्ट मी आमच्या ड्रायव्हरला सांगितली तर तो रात्रभर तेच बोलत होता. काका, तुमचेही आभार. एफ५० आणि कॅरेरा जीटीच्या मागच्या भागांची चित्रं शेजारीशेजारी टाकतोय.

एक शेवटचा प्रश्न. २०२३ मध्ये पोर्शेने कॅरेरा जीटीच्या मालकांना गाडी चालवू नका असं कळवलं होतं, सस्पेंशनच्या जॉइंटमुळे. वीस वर्षं चाललेले जॉइंट अचानक कसे काय नापास होतात? माझा विषयच सस्पेंशन आहे, म्हणून हे मला नीट समजून घ्यायचंय.

क्लचप्लेट

बरं झालं विचारलंस, हे माझ्याकडून राहिलं होतं.

ते विशबोनच्या, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या तिकोनी दांड्यांच्या, टोकाचे गोल जॉइंट. तुमच्या गाडीला जे आहेत त्याच कुळातले. आत स्टीलचा गोळा, त्याभोवती कडं. साध्या गाडीत तिथे रबराचं बुश असतं. रबर दबतं, हादरा खातं, पण वळताना चाकाचा कोन नेमका राहत नाही. रेसमध्ये तो नेमका हवा असतो म्हणून रबर काढून धातूचा जॉइंट लावतात. चाक जिथे आखलंय तिथेच राहतं आणि स्टिअरिंगला जे कळतं ते खरं कळतं. कॅरेरा जीटी वळणात इतकी बोलकी आहे त्याचं मोठं श्रेय या जॉइंटना.

पण रबराचं बुश मरताना आवाज करतं, लिबलिबीत होतं, आधी सांगतं. धातूचा जॉइंट तसं सांगेलच असं नाही. त्याला ताण बसत राहतो आणि जोडीला ओलावा आणि मीठ. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. गंज आणि ताण एकाच जागी आले की बारीक चीर सुरू होते, आणि ती बाहेरून दिसत नाही. रेसच्या गाडीत हे चालून जातं कारण तिथे कोणी त्याची वाट बघत बसत नाही. अमुक तास झाले की जॉइंट काढून टाकायचा, चांगला दिसत असला तरी. प्रत्येक भागाची वही असते. रस्त्यावरच्या गाडीला अशी वही नसते. मालक बदलतात, देश बदलतात, वीस वर्षं निघून जातात. २०२३ मध्ये कंपनीने म्हटलं ते साधारण हेच, की ताण आणि गंज यांमुळे हे जॉइंट दीर्घकाळ टिकतील याची खात्री नाही. ते सगळे बदलायचे ठरले. यात अचानक काही झालं नाही. तास संपत आले होते, मोजणारं कोणी नव्हतं.

तुझ्या स्लाइडसाठी माझं मत असं. रेसमधून जी वस्तू येते तिच्याबरोबर तिची वही पण आली पाहिजे. क्लचला ती मी ठेवते. टायरवर ती छापलेली असते, चार आकड्यांत. जॉइंटची कोणी ठेवली नव्हती.

आता तू सांग, तुमच्या गाडीच्या जॉइंटचे तास किती झालेत? मागच्या वर्षीच्याच गाडीचे काढून लावले असतील तर ते दोन्ही हंगाम धर. गाडी जॅकवर घे, चाक वर-खाली आणि मग आडवं धरून हलव. दुसऱ्या कोणाला तरी जॉइंटवर बोट ठेवायला सांग. प्ले, म्हणजे ढिलेपणा, डोळ्यांना दिसायच्या आधी बोटाला कळतो.

पुशरॉडवाला

ताई, काल रात्री सगळी गाडी वर घेतली. जॉइंट मागच्या वर्षीचेच आहेत, तास कोणीच लिहिलेले नव्हते. मी चाक हलवत होतो आणि आमची ब्रेक बघणारी मुलगी बोट ठेवत होती. तीन चाकं ठीक. पुढचं डावं, खालच्या विशबोनचा मागचा जॉइंट, तिथे ती म्हणाली, थांब, परत हलव. मला हाताला काहीच लागत नव्हतं. मग मी बोट ठेवलं आणि तिने हलवलं. टिक्. अगदी बारीक.

काढून बाकावर ठेवलाय. आठही बदलतोय, ऑर्डर आज गेली. आणि गाडीच्या फाइलमध्ये एक नवीन पान लावलंय, जॉइंटचा नंबर, बसवल्याची तारीख, तास. सेमिनार शुक्रवारी आहे, तो जॉइंट घेऊन जातोय, सरांच्या हातात देणार आहे.